लहान लेकरांना घेऊन स्कीच्या सहलीला जाताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर इथल्या आई-बाबांनी दर हिवाळ्यात पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन लेकरांना घेऊन आम्ही स्वतः गुलमर्गला गेलो, त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच घरांच्या सहली आखायला मदत केली. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, आम्ही आजवर बर्फ फक्त गोळ्यातला पाहिला. स्की म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

पायात कडक बूट, बुटाला अडकवलेल्या दोन लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या, आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. लहान मुलांना सुरुवातीला काठ्या देतच नाहीत. पहिले दोन दिवस सगळा वेळ थांबायला शिकण्यात जातो: स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची, की वेग कमी होतो. शिक्षक मुलांना याला ‘पिझ्झा’ म्हणायला लावतात, कारण आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. आठवडाभरात मूल खेळाडू होणार नाही. चार दिवसांत सौम्य उतारावर आपलं आपण थांबायला आलं, तरी पुष्कळ झालं.

२. कितव्या वर्षापासून मुलाला स्कीवर उभं करावं?

युरोपात ३ ते ४ वर्षांच्या मुलांचे वर्ग असतात. तिथली मुलं बर्फातच वाढतात, वर्ग कुंपणाच्या आत असतो आणि शेजारी उबदार खोली असते. आपलं मूल ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेलं. त्याला आधी बर्फाची सवय व्हायला दोन दिवस लागतात. माझ्या अनुभवात ५ ते ६ वर्षं हे बरं वय. त्याआधी बर्फात खेळणं, स्लेजवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) बसणं, बर्फाचा माणूस करणं एवढंच ठेवा, मूल त्यातच रमतं.

वयापेक्षा दोन खुणा बघा. मूल अनोळखी माणसाचं अर्धा तास ऐकतं का? आणि शू लागली, थंडी वाजली, हे स्वतःहून सांगतं का? दोन्हीला ‘हो’ असेल तर शिकवणीचा विचार करा.

३. गुलमर्ग, औली की सोलंग?

लहान मुलं असतील तर मी गुलमर्ग सुचवते. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि मधोमध मोठं, जवळजवळ सपाट कुरण आहे. नवशिक्यांचा उतार तिथेच, हॉटेलंही आसपास. लेकरू कंटाळलं की पंधरा मिनिटांत खोलीवर पोचता येतं. लहान मुलांच्या सहलीत ही एक सोय बाकी सगळ्यावर भारी पडते.

उत्तराखंडातल्या औलीचे उतार सुंदर आहेत, समोर नंदादेवी दिसते. पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा घाटरस्ता पूर्ण दिवस खातो, आणि गाडी लागणाऱ्या मुलाचे त्यात हाल होतात. जोशीमठ-औली रोपवे २०२३ च्या जानेवारीत तिथली जमीन खचल्यापासून बंद ठेवला गेला, त्यामुळे वर कसं जायचं हे बुकिंगच्या आधी विचारा. गढवाल मंडल विकास निगमचे तिथले ७ आणि १४ दिवसांचे स्की कोर्स मोठ्या माणसांना उत्तम, पण लहानग्यांची सोय वेगळी बघावी लागते.

सोलंग मनालीपासून साधारण १४ किलोमीटरवर. जायला सोपं, राहायला मनालीत भरपूर पर्याय, पण उतार छोटा आणि गर्दी दाट. बर्फ बघून यायचं आणि जमलं तर तासभर स्की, एवढाच बेत असेल तर सोलंग चालेल.

४. कधी जावं? शाळेला सुट्टी तर दिवाळीत आणि मे महिन्यात असते.

अडचण खरी आहे. दिवाळीत उतारावर स्कीपुरता बर्फ नसतो. मे महिन्यात गुलमर्गला गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) वरच्या टप्प्यावर उरलासुरला बर्फ मिळतो. तो खेळायला पुरतो, लेकराला स्की शिकवायला नाही.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याच्या थंडीचे, त्यांना तिथे ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर २० दिवसांचं ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचं ‘चिल्लई बच्चा’. नाताळच्या आठवड्यात गर्दी आणि भाडी सर्वांत जास्त, बर्फाची मात्र खात्री नसते. लहान मुलांसाठी मला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आवडतो. बर्फ साठलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि चिल्लई कलानचा चावा कमी झालेला असतो. बालवाडी ते दुसरीच्या मुलाची चार-पाच दिवस शाळा बुडाली तर शिक्षक समजून घेतात. आधी भेटून सांगा. मोठं भावंड दहावीला असेल तर बेत पुढच्या वर्षी न्या.

५. आपल्याकडून जायचं कसं? लेकरासोबत रेल्वे बरी की विमान?

भुसावळ जंक्शन हे आपलं भाग्य. पुण्याहून जम्मूतवीला जाणारी झेलम एक्सप्रेस भुसावळवरून जाते, आणि इथून जम्मूला दीड दिवसाच्या आसपास लागतो. जून २०२५ पासून जम्मूच्या पुढे असलेल्या कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. तो प्रवास साधारण तीन तासांचा, चिनाबवरच्या पुलावरून जाणारा, त्यामुळे जम्मू-श्रीनगर घाटरस्ता आता टाळता येतो. हिवाळ्यात उत्तरेकडे धुकं असतं, गाड्या तासन् तास उशिरा धावतात, म्हणून पुढच्या गाडीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका.

३ वर्षांखालचं मूल असेल तर मी दिल्लीपर्यंत रेल्वे आणि दिल्लीहून श्रीनगरला विमान हा मधला मार्ग घेते. रात्री झोपून दिल्ली, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी विमान. धुळे-शिरपूरकरांना इंदूर, नंदुरबारकरांना सुरत आणि चाळीसगावकरांना छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकचा विमानतळही बघता येतो.

तिकिटाचं थोडक्यात: रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, ५ ते १२ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. विमानात २ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची सीट घ्यावीच लागते. परतीच्या प्रवासातच दुसरा वाढदिवस येत असेल तर तेवढ्या तिकिटासाठी सीट घ्या. हे बऱ्याच जणांच्या विमानतळावर गेल्यावर लक्षात येतं.

६. आम्ही दोघं स्की करायला गेलो तर लेकरू कोण सांभाळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात शेवटी विचारला जातो. तो सगळ्यात आधी सुटला पाहिजे, अगदी तिकिटांच्याही आधी. युरोपात स्की स्कूलला जोडलेलं पाळणाघर असतं. सकाळी लेकरू सोडायचं, दुपारी आणायचं. आपल्याकडे ते गृहीत धरू नका. आपल्याकडे तीनच वाटा आहेत: आई-बाबांनी पाळी लावणं, घरचं माणूस सोबत नेणं (प्रश्न ७), किंवा तिथे कुणीतरी ठरवणं (प्रश्न ८).

पाळीची पद्धत आम्ही वापरली. सकाळी १० ते १२ बाबा उतारावर, आई लेकरासोबत. १२ ते १ चौघांनी मिळून जेवण. १ ते ३ आई उतारावर. या वेळात धाकटा झोपायचा आणि बाबा त्याच्या शेजारी पडून राहायचे. तीननंतर सगळे मिळून बर्फात खेळ, आणि चारच्या आधी खोलीत, कारण ऊन डोंगराआड गेलं की थंडी झपाट्यानं चढते.

दोघांनी एकत्र स्की करण्याचा मोह होतो. तो एखाद्या दिवसापुरता, आजी किंवा भरवशाचं माणूस असेल तेव्हाच पुरवा. आणि एक कळकळीनं सांगते: पाळी घरूनच ठरवून निघा, कागदावर लिहून. बर्फात उभं राहून ‘आता तू, मग मी’ करायला लागलं की भांडण होतं, लेकरू गारठतं आणि ज्याची पाळी बुडते ती बहुतेक वेळा आईच असते. मी हे चार-पाच घरांत पाहिलंय. आईनेही स्की शिकावं, तीही त्या सहलीला आलेली असते.

७. आजी-आजोबांना सोबत न्यावं का?

तब्येत साथ देत असेल तर जरूर न्या. माझ्या सासूबाई साठीच्या, पातोंड्याच्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या. पहिल्याच सकाळी शाल गुंडाळून म्हणाल्या, “तुम्ही जा बरफमा, मी शे ना पोऱ्याजोडे.” त्या एका वाक्यावर आमची सहल पार पडली.

पण आजीला फुकटची आया समजून नेऊ नका. त्यांनाही गोंडोलात बसायचं असतं, बर्फात फोटो काढायचा असतो, कहवा प्यायचा असतो. दिवसाचे दोन-अडीच तास त्यांच्याकडे लेकरू, बाकी वेळ त्यांचा स्वतःचा, असं ठरवा. रक्तदाब, हृदय, दमा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. घसरून पडू नये म्हणून बुटांना खाली लावायचे खिळ्यांचे रबर मिळतात, ते आजी-आजोबांसाठी घ्याच. खोली तळमजल्यावरची मागा.

८. हॉटेलवाले म्हणतात “बच्चा संभाल लेंगे.” विश्वास ठेवावा का?

विश्वास ठेवा, पण विचारून. आम्हाला एका हॉटेलनं फोनवर असंच सांगितलं होतं. पोचल्यावर कळलं, सांभाळणारा म्हणजे रिसेप्शनवरचा मुलगा आणि समोर टीव्ही. मुलगा बिचारा चांगला होता, पण त्याला पाहुण्यांच्या बॅगाही उचलायच्या होत्या. लेकराला तिथे सोडण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी आमच्या दोघांचीही शिकवणी बुडाली.

तेव्हापासून मी हे आधी विचारते: सांभाळणारी व्यक्ती कोण, बाई की पुरुष, एका वेळी किती मुलं, कोणत्या खोलीत, खोली कशानं गरम होते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि पैसे कसे. उत्तरं फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. शक्यतो हॉटेलातल्या कामगाराच्या घरची बाई मिळते का बघा, ओळखपत्राचा फोटो घ्या, आणि पहिला तास स्वतः तिथेच बसा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासासाठी जा. तिसऱ्या दिवशी दोन तास. चार दिवसांच्या सहलीत एवढा वेळ कुठून काढणार, असं वाटेल. तसं असेल तर हा पर्याय सोडा आणि पाळी लावा.

भाषेचाही विचार करा. आपलं तीन वर्षांचं लेकरू “माले भूक लागनी” म्हणेल तर काश्मिरी मावशीला काय कळणार? निघण्याआधी महिनाभर ‘पानी’, ‘भूख’, ‘सू सू’, ‘ठंड’, ‘मम्मी के पास’ एवढे हिंदी शब्द त्याच्याकडून म्हणवून घ्या. हेच शब्द चिठ्ठीवर लिहून सांभाळणाऱ्या बाईलाही द्या, शेजारी लेकराचा आपला शब्द. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र अनोळखी माणसाकडे सोडून उतारावर जाऊ नका.

९. कपडे काय घ्यावेत? इथे जाड स्वेटर घातला तरी घाम येतो.

आपण कापसाच्या मुलखातली माणसं, त्यामुळे सांगायला जड जातं, पण बर्फात अंगाला लागून सुती कपडा नको. सुती बनियन घाम धरून ठेवते, ओली राहते आणि लेकरू आतून गारठतं. अंगाला चिकटणारा पहिला थर थर्मलचा (लोकरीचा किंवा सिंथेटिक), त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. तापलं तर एक काढता येतो.

थर्मल, कानटोपी आणि स्वेटर हिवाळ्यात आपल्या शहरांत बसणाऱ्या तिबेटी-नेपाळी स्वेटरवाल्यांकडे चांगले मिळतात. वरचं जॅकेट आणि गमबूट गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला भाड्यानं मिळतात, पण लहान मुलांची मापं कमी असतात आणि कपडे कधी कधी ओलसर असतात. मुलांचं जॅकेट-पँट घरूनच न्या, मोठ्यांचं तिथे घ्या. हातमोज्यांच्या तीन जोड्या. एक ओली, एक वाळत, एक हातात. बोटांचे मोजे लहानग्याला घालताना जीव जातो, म्हणून ३ वर्षांखाली चार बोटं एकत्र राहणारे, पिशवीसारखे बंद, आणि दोरी लावून जॅकेटच्या बाह्यांतून ओवलेले.

मफलर नको. स्लेजमध्ये, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतो. गळ्याला नळीसारखा बंद पट्टा मिळतो, तो घ्या. जॅकेटचा रंग लाल, केशरी, पिवळा. पांढरा किंवा फिका निळा नको. बर्फात लेकरू दिसलं पाहिजे.

१०. स्कीचे बूट घातल्यावर मुलगी रडायलाच लागली. चूक कुठे झाली?

बहुतेक दोन मोजे घातले असतील. प्रत्येक आई हेच करते, मीही केलं. थंडी लागू नये म्हणून मोज्यावर मोजा. बुटात पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, सुरकुती नसलेला. थर्मलची पँटसुद्धा बुटाच्या आत जाऊ देऊ नका. ती बुटाच्या वरच थांबवा. आम्ही त्या दिवशी बूट काढून बघितला तर थर्मलच्या शिवणीचा लाल वळ पोटरीवर उमटला होता. शिवण वर सरकवली, एक मोजा काढला, आणि पाचव्या मिनिटाला पोरगी स्वतःहून उभी राहिली.

स्कीच्या बुटाचं माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतं. घरीच भिंतीला टाच लावून कागदावर पाय उमटवा, लांबी मोजून लिहून न्या. नवशिक्या मुलाच्या स्कीची उंची छाती ते हनुवटीपर्यंत असावी. हेल्मेट लागतंच, स्लेजवरही. ते भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. गॉगल अतिनील किरणं अडवणारा हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही डोळे आणि गाल भाजतात. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालूनही येतं.

११. शिक्षक कसा शोधावा? दिवसाला किती वेळ शिकवावं?

गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, शिवाय बरेच खासगी शिक्षक आहेत. उतारावर पोचताच पाच जण घेरतात. तिथे उभ्या उभ्या ठरवू नका. आदल्या संध्याकाळी हॉटेलमध्ये बोलवा, लेकराशी बोलताना बघा. जो खाली बसून, मुलाच्या उंचीला येऊन बोलतो, तो चालेल. प्रमाणपत्र आणि नोंदणी विचारा. दरात काय काय येतं ते स्पष्ट करा: स्की, बूट, हेल्मेट, लिफ्ट, किती तास, एक मूल की दोन.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला सकाळी एक तास, पुरे. सातच्या पुढे एक सकाळी, एक दुपारी. तुम्ही समोर उभे राहिलात तर मूल तुमच्याकडेच बघतं, म्हणून थोडं लांब, पण नजरेच्या टप्प्यात राहा.

१२. एवढ्या उंचीवर लेकराला त्रास होईल का?

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. गुलमर्गला हवेचा दाब साधारण पाऊण होतो. बऱ्याच मुलांना काहीच होत नाही, काहींना पहिल्या रात्री डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं होतं. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, ओकतं, खेळायला जात नाही. ही लक्षणं दिसली तर ‘थकलाय’ म्हणून सोडू नका. खेळ थांबवा, पाणी पाजा, आणि वाढत असेल तर खाली श्रीनगरला (सुमारे १,५८० मीटर) उतरा. उतरणं हेच औषध. श्वास भराभर चालणं, ओठ निळसर होणं, चालताना झोकांड्या जाणं, मूल सुस्त पडणं, यापैकी काही दिसलं तर क्षणाचाही विचार न करता खाली आणि दवाखान्यात.

पहिली रात्र श्रीनगरला काढा, म्हणजे शरीराला मधला थांबा मिळतो. उंचीच्या गोळ्या मुलांना आपल्या मनानं देऊ नका. दमा, जन्मतः हृदयाचा त्रास, अपुऱ्या दिवसांचा जन्म, नुकताच कान फुटलेला, असं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. एक वर्षाखालच्या बाळाला न्यायचंच असेल तरीही तेच.

१३. खोली गरम कशी ठेवायची? बुखारी चालेल का?

या प्रश्नाचं उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची टोपली), गॅसचा हीटर, बंद खोलीत यातलं काहीही जळत ठेवून झोपू नका. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतलं माणूस उठतच नाही, आणि लेकरावर त्याचा परिणाम आधी होतो. विजेवर चालणारा हीटर किंवा मध्यवर्ती उष्णता असलेलं हॉटेल बघा. वीज गेल्यावर जनरेटर किती तास चालतो, तेही विचारा. बुखारी असेलच तर तिचा धूर नळीनं बाहेर जातो का बघा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि झोपण्याआधी ती पूर्ण विझवा.

काश्मिरी लोक फेरनच्या (लांब, सैल झग्याच्या) आत कांगडी धरतात. बघायला छान वाटतं, पण लेकराच्या हातात देऊ नका. बाळाच्या अंथरुणात विजेची गादीही नको. थर्मल, एक जादा थर आणि आईची कूस पुरते.

१४. खाण्याचं काय? आमचा मुलगा वरण-भाताशिवाय काही खात नाही.

मग काळजीच नाही. काश्मिरात भात रोजचा, राजमा आणि डाळही सगळीकडे. मऊ खिचडी हवी असेल तर सकाळीच स्वयंपाकघरात सांगून ठेवा. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स आणि डिंकाचे लाडू न्या. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. बर्फात मुलाला भूक जास्त लागते, पण तहान कळत नाही. दर अर्ध्या तासानं थर्मासमधलं कोमट पाणी पाजा. लाडूचे छोटे तुकडे करून खिशात ठेवा. अख्खा लाडू थंडीत दगडासारखा होतो.

१५. गोंडोलात लहान मुलांना न्यावं का?

पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटर. दुसऱ्या दिवसानंतर, लेकरू ठणठणीत असेल तर जरूर. चढताना कान दुखू नयेत म्हणून बाळाला दूध पाजा, मोठ्याला लिमलेटची गोळी. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या पुढे जातो. तिथला वारा आणि विरळ हवा लहान मुलांसाठी नाही. मोठ्यांपैकी एकानं जाऊन यावं, दुसऱ्यानं खाली थांबावं, परत पाळी (प्रश्न ६). तिकिटं ऑनलाइन, तारखेप्रमाणे मिळतात आणि हंगामात लवकर संपतात.

१६. दोन मुलं आहेत, एक ७ वर्षांचा, एक दीड वर्षाची. आणि नवऱ्याला रजा नाही. मी एकटी जाऊ शकते का?

एकटीनं दोघांना घेऊन नका जाऊ. मोठा उतारावर पडला आणि धाकटी कडेवर असेल तर तुम्ही कुणाकडे धावणार? बहीण, नणंद, मैत्रीण, कुणीतरी एक मोठं माणूस हवं. दोन मैत्रिणी आपापली मुलं घेऊन एकत्र गेल्या आणि पाळी लावली, तर ती उत्तम व्यवस्था होते. धरणगावच्या दोघीजणी अशा जाऊन आल्या.

लेकराला पोटाशी किंवा पाठीशी बांधून स्की करणारे तुम्हाला व्हिडिओत दिसतील. ते करू नका. तुम्ही पडलात तर बाळ तुमच्या खाली येतं. बांधून चालतानाही दर दहा मिनिटांनी त्याचे पाय चाचपा, कारण लटकलेले पाय सर्वांत आधी गार पडतात. गरोदर असाल तर उतार या वर्षी नको.

१७. एवढा खर्च करून गेलो आणि बर्फच नसला तर?

असं होतं. २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडा गेला, गुलमर्गचं कुरण तपकिरी दिसत होतं, बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. म्हणून रद्द करता येणारं हॉटेल घ्या आणि निघण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलवाल्याकडून त्या दिवशीचा व्हिडिओ मागवा.

उलटंही होतं. बर्फ जास्त झाला की टंगमर्गच्या वर साखळी लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात आणि श्रीनगरची विमानं रद्द होतात. परतीनंतर नोकरीवर हजर व्हायच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. दुधाची पावडर, डायपर आणि नेहमीची औषधं तीन दिवसांची जादा न्या.

१८. दुसऱ्या दिवशी मूल म्हणालं, “मला नाही जायचं.” पैसे भरलेत, काय करावं?

नेऊ नका. बूट टोचतो का, शू लागली का, पोट दुखतं का, एवढं बघा. काही नसेल तर त्या दिवशी स्लेज आणि बर्फाचे गोळे. बळजबरीनं नेलेलं मूल उतारावर अंग टाकून देतं आणि पुढच्या वर्षीही नाही म्हणतं. शिक्षकाशी ठरवतानाच ‘मूल नाही म्हणालं तर तो तास मोठ्यांपैकी कुणीतरी घेईल’ असं बोलून ठेवा. आमच्याकडे त्या तासात मी शिकले.

१९. काश्मीरला लेकरं घेऊन जाणं सुरक्षित आहे का? आणि तिथे आपला मोबाइल चालतो का?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये पर्यटकांवर हल्ला झाला, आपल्या महाराष्ट्रातलीही माणसं त्यात गेली. ज्यांच्या मनात भीती आहे त्यांना मी ‘काही होत नाही’ असं कधीच सांगणार नाही. निघण्याच्या आधी सरकारी सूचना बघा, खुल्या असलेल्या ठिकाणीच जा, रात्रीचा प्रवास टाळा. घरातल्या एकाचंही मन तयार नसेल तर सोलंग किंवा औली घ्या.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निदान एकाचं पोस्टपेड असू द्या, आणि तोच नंबर लेकराच्या जॅकेटच्या आत पट्टीवर लिहा.

२०. विमा लागतो का?

घ्या, आणि कागद वाचा. बऱ्याच पॉलिसी ‘साहसी खेळ’ वगळतात आणि स्की त्यात मोडतं. स्कीचा उल्लेख पॉलिसीत लेखी असेल तरच ती धरा.

२१. परदेशात पाळणाघराची सोय असते म्हणतात. मग तिकडेच जावं का?

ऐपत असेल तर ही सोय खरोखर मोठी आहे. फ्रान्समधल्या स्की स्कूलच्या ‘पिऊ पिऊ’ वर्गांत ३ वर्षांपासून मुलं घेतात, आणि बऱ्याच मोठ्या गावांत ६ महिन्यांच्या बाळापासून पाळणाघर असतं. जागा मोजक्या, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी पाळणाघराची जागा पक्की करा. लसीकरणाचं कार्ड मागतात. आपल्या सरकारी कार्डावर मराठी नोंदी असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह घ्या.

शेंगेन व्हिसाला (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखाली शुल्क नाही. १२ वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं.

आधी मुलाला आवडतं का हे बघायचं असेल तर दुबईतल्या मॉलमध्ये २००५ पासून छताखालचा बर्फाचा उतार आहे. उंचीचा प्रश्न नाही, रस्ता बंद होत नाही, आणि रडू आलं तर दाराबाहेर पडलं की ऊब. मुंबईहून विमान तीन-साडेतीन तासांचं. हातमोजे मात्र घरचेच न्या, लहान मापाचे.